दाराजवळची खुर्ची

४ फेब्रुवारी

प्रिय मावशी,

प्रभूच्या नावात सलाम.

तू शिवून पाठवलेला झगा पोचला. कमरेत सैल होतो, पण तुझा हात चुकलेला नाही, मीच जरा उतरले आहे. इथे म्हणतात, शरीर उतरलं की आत्मा चढतो.

तू विचारतेस, त्या प्रार्थनाघरात तुम्ही नऊ बायका दिवसभर करता तरी काय. सांगते. सकाळी मी चष्म्याच्या दुकानात काचा घासायला जाते. काहीजणी आपापल्या कामाला जातात, काही घरीच असतात. घरात एक लहान खोली आहे, तिला पहाऱ्याची खोली म्हणतात. तिथे कुणी ना कुणी सतत प्रार्थनेला बसलेली असते. पुढची येऊन खांद्याला हात लावेपर्यंत आधीचीनं उठायचं नाही. घर सुरू झाल्यापासून ती खोली एकदाही रिकामी पडलेली नाही.

जेवायचं टेबल लांबलचक आहे. एका टोकाला मोठ्या ताई बसतात. हे घर त्यांनीच उभं केलं. दुसरं टोक दाराकडे. शनिवारी बैठक होते. आठवड्यात आपण विश्वासात कुठे वाढलो, कुठे कमी पडलो, ते प्रत्येकीनं सांगायचं. जी वाढली तिची खुर्ची ताईंच्या दिशेनं सरकते, जी कमी पडली तिची दाराकडे. मी आले तेव्हा अगदी दाराशी होते. आता माझ्या खाली तीनजणी आहेत. तुला अभिमान वाटावा म्हणून सांगते. मला वाटत नाही, कारण वाटला तर मी पुन्हा खाली येईन.

परवा सुट्टी होती, म्हणून दुपारचा पहारा माझ्याकडे होता. खोलीत गेले तर ताई इतक्या खोल प्रार्थनेत होत्या की त्यांना माझी चाहूलसुद्धा लागली नाही. मान छातीवर, ओठ उघडे, श्वास लांब आणि जड, मधूनच घशातून एक हुंकार. बाहीवर ओल होती, अश्रूंची असणार. खांद्याला हात लावला तर एवढ्या दचकल्या की मीच घाबरले. डोळे लाल झाले होते. ते पाहून मला रडू आलं. मी त्या ठिकाणी कधी पोचणार? मी बसले की मला काचा आठवतात, तू आठवतेस, आणि झोप येते. झोप हीच माझी मोठी वैरीण आहे. म्हणून एक विनंती. पत्रात मला झोपाळू म्हणू नकोस.

तुझी भाची


११ फेब्रुवारी

लाडके झोपाळू,

तू नको म्हणालीस म्हणून लिहिणार नव्हते, पण हात ऐकत नाही. शिंपिणीचा हात आहे, एकदा टाका पडला की पडला.

आई गेल्यावर तू माझ्याकडे आलीस तेव्हा चार वर्षांची होतीस. पलंगावर झोपायची नाहीस. माझ्या मशीनखाली शिवायच्या कपड्यांचं गाठोडं असायचं, त्याच्यावर अंग टाकायचीस. वर मशीन खडखडतंय, गिऱ्हाइकं तंगड्या आखूड झाल्या म्हणून भांडतायत, आणि खाली तू डाराडूर. मी तेव्हा रात्र रात्र कूस बदलायचे, हे पोर मी कसं वाढवणार म्हणून. तुला बघून मला लाज वाटायची. म्हणायचे, या एवढ्याशा जिवाचा माझ्यापेक्षा मोठा विश्वास आहे. आता तीच पोर झोपेला वैरीण म्हणते.

आणि तुझ्या त्या ताईंचं. मान छातीवर, तोंड उघडं, घशातून हुंकार, बाहीवर ओल. अगं बये, याला घोरणं म्हणतात. अश्रू कसले, ती लाळ होती. बिचारी बाई बसल्या बसल्या झोपली होती. झोपू दे की. वादळात शिष्यांची होडी हेलकावत होती तेव्हा उशी घेऊन कोण झोपला होता, प्रभूच ना, ते तुझ्या ताईंना विचार. आणि त्यांना माझा निरोप सांग की बसून झोपल्यानं मान धरते, सरळ आडवं व्हा.

आता कामाचं. तो झगा मी आधीच दोन बोटं आत घेऊन शिवला होता. गेल्या खेपेला तू आलीस तेव्हाच तुझी हाडं दिसत होती. त्याच्याही आत तू गेली असशील, तर मला हे चढणं-उतरणं कळत नाही, मला फक्त माप कळतं. जेवतेस की नाही, तेवढं खरं लिही.

मावशी


२० एप्रिल

मावशी,

बरेच दिवस लिहिलं नाही, कारण मला तुझा राग आला होता.

एक गोष्ट तुला कळवायची राहिली होती. घरून आलेलं पत्र इथे जेवणाच्या टेबलावर उघडून मोठ्यानं वाचायचं असतं, जिचं तिनंच. तुझं पत्र मी तसंच उघडलं. पुढे काय आहे मला माहीत नव्हतं. झोपाळू या शब्दालाच दोघी हसल्या. मग तो परिच्छेद आला. मध्ये थांबता येत नाही, थांबलं तर लपवल्यासारखं होतं. मी सगळं वाचलं. घोरणं वाचलं, लाळ वाचली, आडवं व्हा हेसुद्धा वाचलं. तोवर हसायचं बंद झालं होतं. एकीच्या हातून चमचा खाली पडला, तो तिनं उचललासुद्धा नाही.

ताई पांढऱ्याफटक पडल्या होत्या. पण आवाज चढवला नाही. एवढंच म्हणाल्या, "जिचं मन घरी, तिची खुर्ची दाराशी."

आता मी दाराशी बसते. वाढलेलं माझ्यापर्यंत येईतो निवलेलं असतं, आणि कुणी आलं-गेलं की पाठीवर वारा येतो. माझे पहारे वाढवले आहेत, माझ्याच भल्यासाठी. दुकानाच्या मालकांनी मला महिनाभर रजा दिली आहे. प्रार्थनेला वेळ मिळावा अशी प्रभूचीच योजना दिसते.

पुढचं पत्र दुकानाच्या पत्त्यावर पाठव. मालक ठेवून देतील, मी जाऊन घेईन. हे लपवणं आहे. शनिवारी बैठकीत सांगेन. किंवा नाही सांगणार, अजून ठरत नाही.

तुझी भाची


२७ एप्रिल

माझे बाई,

चुकलंच माझं. माझ्या जिभेला हाड नाही, आणि जिथं आहे तिथलं मी मोडून बसले आहे. होय, पाय मोडलाय. शिवलेले कपडे वर टांगायला स्टुलावर चढले आणि स्टुलासकट खाली आले. तुला कळवलं नाही, कारण तू रागात होतीस आणि मी हट्टात.

डॉक्टरनं प्लास्टर घातलं आणि सांगितलं, "बाई, काही करू नका. पाय टेकायचा नाही, हाड आपलं आपण जुळतं." पण आपण कुठल्या ऐकायला. आठवडाभरात मी भिंत धरून धरून मशीनपर्यंत गेले, म्हटलं जरा सवय झाली तर लवकर बरं होईल. उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग, तसं माझं झालं. जुळत आलेलं हाड सरकलं आणि सगळं पहिल्यापासून. डॉक्टर हसला नाही, हेच जास्त लागलं.

आता खिडकीशी पलंग आहे, पलंगावर मी, आणि समोर मशीनवर धूळ. जी आयुष्यभर दुसऱ्याच्या दुखण्याला पुढे धावली, तिचे केस शेजारीण विंचरून देते. शेजारचे सुतारभाऊ दोन वेळचं जेवण आणतात, भांडीही घासून ठेवतात. मला हे सोसत नाही. सकाळी डोळे उघडले की आधी राग येतो, मग प्रार्थना.

आता तुझं. गिऱ्हाइकीच्या दिवसांत न मागता महिन्याची रजा देणारा मालक मी अजून पाहिलेला नाही. काय झालं ते सांग.

मी तुला न्यायला आले असते. तुझ्या त्या टेबलाशी उभी राहिले असते आणि हाताला धरून उठवलं असतं. पण मला मोरीपर्यंत जाता येत नाही. तेव्हा तूच ये. माझी सेवा करायला नको, ती करणारे आहेत. तुझ्यासाठी ये.

मावशी


३ मे

प्रिय मावशी,

पत्र दुकानाच्या पायरीवर बसून वाचलं आणि तिथंच रडले. मालक आतून बघत होते.

खरं सांगते. एका आजोबांच्या चष्म्यात मी डावी काच उजवीकडे बसवली. ते दुसऱ्या दिवशी परत आले, रस्ता ओलांडताना पडता पडता वाचले म्हणाले. मी दुरुस्त करून दिली, आणि दुरुस्त करताना पुन्हा तेच केलं. मालक ओरडले नाहीत. म्हणाले, "पोरी, तू उभ्या उभ्या झोपतेस. घरी जाऊन झोप, काम कुठे पळत नाही." मी घरी आले आणि त्या वेळात आणखी पहारे घेतले.

तुझ्याकडे यायचं ताईंना विचारलं. त्या म्हणाल्या, "जा, कुणी अडवलेलं नाही. पण जागा राखली जाणार नाही." दार उघडंच असतं मावशी, कुलूप कधीच नसतं. मी अगदी त्याला टेकून बसते. तरी उठवत नाही. मला वाटतं, मी थांबले तर प्रभूही माझ्यापाशी थांबणार नाही. इथून बाहेर पडले तर त्याच्याच बाहेर पडेन. आणि आत राहिले तर एक दिवस पहाऱ्यात कोसळेन, आणि मग कळेल सगळ्यांना की माझ्यात कधी काही नव्हतंच. वर्षभर इतकं केलं, तरी आत काही वाढलेलं दिसत नाही. मी फार दमले आहे.

तुझ्यासाठी एवढंच करू शकते, तुझं हाड जुळावं म्हणून मी आठवडाभराचा उपास धरला आहे. नुसतं पाणी घेते. आज तिसरा दिवस. तू काळजी करू नकोस.

तुझी भाची


७ मे

आधी काहीतरी खा. मग पुढचं वाच.

खाल्लंस? नसेल तर पत्र घडी करून ठेव आणि खा. मी थांबते, मला कुठं जायचंय.

आता ऐक. माझं हाड तुझ्या उपाशी पोटावर जुळणार नाही. ते जुळतंय. काल डॉक्टरनं फोटो काढून दाखवला. मी त्यासाठी काय केलं? काहीही नाही. पडून राहिले, शिव्या दिल्या, सुतारभाऊंच्या हातचं आळणी जेवले. आणि जेव्हा जेव्हा मी मदत करायला गेले तेव्हा ते बिघडलं. आतलं काम ज्याचं त्याला करू द्यावं, एवढी अक्कल यायला मला दोन प्लास्टरं लागली.

दुसरी गोष्ट सांगते, ती कुणाला सांगितलेली नाही. सुतारभाऊंचं जेवण माझ्या घशाखाली उतरेना. फुकटचं खायची मला सवय नाही. म्हणून मी पडल्या पडल्या हातानं त्यांना एक शर्ट शिवला, काजं-बटणांसकट. त्यांनी उलगडून पाहिला, छान झालाय म्हणाले, आणि पलंगावर ठेवून दिला. म्हणाले, "पाय बरा झाल्यावर द्या. आत्ता घेतला तर मी आणलेलं जेवण मजुरी होईल." मी त्यांना नको नको ते बोलले. ते आपले शांतपणे भांडी विसळत राहिले.

ते गेल्यावर मी रडले. लहानपणापासून चर्चमध्ये जाते, झाडते, पुसते, पोरांना गाणी शिकवते. आणि म्हातारपणी पलंगावर पडून कळलं की प्रभूलाही मी इतकी वर्षं तोच शर्ट शिवून देत आले. त्यानं मला फुकट जेवायला बसवलं होतं, आणि मी ताटावरून उठून उठून भांडी घासत होते. आता हलता येत नाही म्हणून नाइलाजानं बसले आहे. नाइलाजानं का होईना, पण पोटात पडतंय.

तू म्हणतेस तू थांबलीस तर तोही तुझ्यापाशी थांबणार नाही. चार वर्षांची होतीस तेव्हा मशीनखाली झोपताना तू मला विचारलं होतंस का, मावशी, मी झोपल्यावर तू आहेस ना? एकदाही नाही. पाय चालवत होते मी, झोपत होतीस तू. माझ्यावर होता तेवढाच विश्वास त्याच्यावर ठेव, त्यापेक्षा जास्त नको.

मला तू धडधाकट हवी आहेस, वाढलेली नको. इतकंच.

मावशी


१६ मे

मावशी,

खाल्लं. दूध आणि दोन पाव, दुकानाच्या पायरीवर बसून. मालकांनीच आणून दिले, आणि मी त्यांना त्या बदल्यात काही झाडून देऊ का असं विचारलं नाही. फार कठीण गेलं.

पुढचं सांगते. शनिवारी दुपारी माझा पहारा होता. खोलीत गेले तर ताई बसल्या होत्या. मान छातीवर, तोंड उघडं. तू म्हणालीस तेच होतं. चक्क घोरत होत्या. मागे हेच पाहून मी रडले होते. या वेळी खांद्याला हात लावायला गेले आणि लावला नाही. तशीच खाली बसले.

थोड्या वेळानं त्या जाग्या झाल्या. मला बघितलं, दार लोटलेलं आहे ना ते बघितलं. म्हणाल्या, "टेबलावर सांगणार आहेस?" मी नाही म्हटलं. मग त्या बराच वेळ मान चोळत बसल्या. म्हणाल्या, "तुझ्या मावशींनी लिहिलं ते खरं आहे. मान धरते." आणि मग हळूच म्हणाल्या, "पण मी आडवी झाले तर हे सगळं कोण धरून ठेवणार?"

मावशी, मला धडकीच भरली. हीच भीती मी तुला लिहिली होती. मला वाटायचं टेबलाच्या त्या टोकाला पोचलं की ती सुटते. त्या टोकालाही तीच भीती बसली आहे.

मी म्हटलं, "तुम्ही झोपा, मी आहे." त्यांनी चटईवर पाय लांब केले, अगदी चोरासारखे. मी त्यांना तुझ्या मशीनखालच्या गाठोड्याचं सांगितलं. त्यांनी विचारलं, "वर मशीन चालूच असायचं?" मी म्हटलं, "चालूच." आणि त्या झोपल्या.

मी प्रार्थना करणार होते, खरंच. भिंतीला टेकले आणि मलाही झोप लागली. जेवणाच्या घंटेनं आम्हाला उठवलं. म्हणजे दुपारभर पहाऱ्यावर कुणीही नव्हतं. छप्पर जागेवर होतं. ऊन खिडकीतून भिंतीवर गेलं होतं. प्रभू रागावला आहे का, म्हणून मी मनात चाचपून पाहिलं. तिथे राग नव्हता. ताप उतरल्यावर वाटतं तसं नुसतं बरं वाटत होतं.

संध्याकाळी बैठक. ताई त्यांच्या टोकाला, मी दाराशी. आमच्या दोघींच्या मध्ये आठवडाभराची वाढ सांगणाऱ्या सगळ्याजणी. माझ्यावर आली तेव्हा मी म्हटलं, "मी कुठेच वाढले नाही. आज दुपारी मी झोपले. प्रभूनं मला टाकलेलं नाही, आणि मला मावशीकडे जायचं आहे." ताई ताटाकडे बघत राहिल्या. मला वाटलं आता त्या दुपारचं बोलतील. पण त्या म्हणाल्या, "जागा राखली जाणार नाही." मी म्हटलं, "चालेल, ताई." आणि उठले.

एवढे महिने मला त्या खुर्चीची लाज वाटत होती. वरच्या टोकाला असते तर सगळ्यांच्या पाठीमागून यावं लागलं असतं, आणि तेवढ्यात माझा धीर सुटला असता. दाराशी होते म्हणून एका पावलात बाहेर आले.

आत्ता दुकानातच आहे. मालकांच्या बायकोनं ठेवून घेतलं आहे. सोमवारी निघते. प्लास्टर काढायला जाशील तेव्हा मी सोबत असेन. गाठोडं जागेवर आहे ना?

तुझी
झोपाळू


९ ऑगस्ट

आदरणीय मावशी,

प्रभूच्या नावात सलाम.

आपली भेट झालेली नाही, तरी तुमचं एक पत्र आमच्या टेबलावर वाचलं गेलं होतं, त्यातून मी तुम्हाला ओळखते. तुमचा पाय आता बरा असेल अशी आशा आहे.

लिहिण्याचं कारण, मला एक झगा शिवून घ्यायचा आहे. आमच्या भागात शिंपी आहेत, पण तुमच्या हाताचं काम मी तुमच्या भाचीच्या अंगावर पाहिलं आहे. माप लिहून पाठवता आलं असतं, पण मला वाटतं मी अलीकडे बरीच उतरले आहे, जुनं माप चालणार नाही. स्वतः यावं लागेल.

घर नीट सुरू आहे. पहारा खंडला नाही. एकजण निघून गेल्यावर आणखी दोघी गेल्या, त्यामुळे माझे पहारे वाढले आहेत, एवढंच. दाराजवळची खुर्ची मी कुणाला दिलेली नाही. सगळ्या कामाला गेल्या की कधी कधी मीच तिथे जाऊन बसते. अजून उठणं झालेलं नाही.

तुमच्या मशीनखाली ते गाठोडं अजून असतं का, हे सहज विचारते. उत्तर चष्म्याच्या दुकानाच्या पत्त्यावर द्यावं. मालक ठेवून देतील.

आपली,
प्रार्थनाघरातल्या मोठ्या ताई


१४ ऑगस्ट

ताई,

सलाम.

माप घेतल्याशिवाय मी कापडाला कात्री लावत नाही, तेव्हा यावंच लागेल. एका बैठकीत माप होत नाही माझ्याकडे, म्हणून चार दिवस राहायच्या तयारीनं या. लागले तर जास्त.

मशीन सकाळपासून खडखडतं, त्याला इलाज नाही. गाठोडं आहे, पण ते तुमच्या उंचीला पुरायचं नाही. म्हणून सुतारभाऊंकडून मशीनशेजारी एक खाट टाकून घेतली आहे. त्यांना बदल्यात काही देऊ नका, ते घेत नाहीत, मी करून पाहिलं.

माझी भाची आतल्या खोलीत झोपली आहे, उठली की तुमचं पत्र दाखवते. मला पाय आलाय आता. दोन आठवड्यांत तुम्ही आला नाहीत, तर मी तिकडे येऊन त्या खुर्चीशी उभी राहीन आणि हाताला धरून उठवीन, एवढं लक्षात ठेवा.

येताना काही आणू नका.

झोपाळूची मावशी